तांबी की इम्प्लांट? ठरवायच्या आधी हे बघा

दिवस राहू नयेत म्हणून तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन, बसवायचा विषय काढला की लगेच कुणीतरी सांगतं, अमकीची वर सरकली, तमकीला नंतर मूलच राहिलं नाही, आणि बऱ्याच जणींचा विचार तिथेच थांबतो. ही भीती अगदीच हवेतून आलेली नाहीये. १९७० च्या दशकात डाल्कन शील्ड नावाचं असंच गर्भाशयात बसवायचं एक साधन होतं, त्याचा दोरा अनेक तंतूंचा असल्यामुळे जंतू वर चढायचे आणि इन्फेक्शन व्हायचं, १९७४ मध्ये त्याची अमेरिकेतली विक्री थांबली. आताच्या तांबीचा दोरा एकपदरी असतो. तांबी किंवा इम्प्लांट (दंडात बसवायची काडी) काढलं की दिवस राहण्याची क्षमता लवकर परत येते, आणि एकही मूल नसलेल्या बाईलाही तांबी बसवता येते.

मग निवडायचं कसं? आधी स्वतःची पाळी बघा. मुळातच अंगावरून जास्त जात असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तर तांबी जरा विचार करूनच घ्या, कारण पहिले ३ ते ६ महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. अशा वेळी हार्मोनवाली आययूडी, म्हणजे तांबीसारखंच पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारं साधन, बरी पडते, तिने पाळी हलकी होते, कधी बंदही होते, त्यात रक्त आत साचतंय असं काही नसतं, गर्भाशयाचं अस्तरच पातळ होतं. हार्मोन नकोच असतील तर तांबी, काही प्रकार १० वर्षं चालतात. इम्प्लांट म्हणजे दंडाच्या कातडीखाली बसवलेली बारीक काडी, निदान ३ वर्षं चालते, पण अधूनमधून कधीही डाग दिसतात, आणि बऱ्याच जणी त्यालाच कंटाळून ती काढतात. हे आधी माहीत असलं तर निम्मी घाबरगुंडी कमी होते.

गोळ्यांपेक्षा फरक किती, तर रोजच्या धावपळीत गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या १०० जणींपैकी साधारण ७ जणींना वर्षभरात दिवस राहतात, तांबी, हार्मोनवाली आययूडी किंवा इम्प्लांट असेल तर एकीपेक्षा कमी. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, इम्प्लांटचा परिणाम कमी होतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बसवायच्या आधीच स्पष्ट विचारा, मला नको वाटली तर कारण न विचारता काढून द्याल ना? आणि बसवताना दुखू नये म्हणून काय देणार? उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा, खरंच. अमेरिकेत सेंट लुईसला २००७ ते २०११ मध्ये चॉइस प्रोजेक्ट नावाच्या अभ्यासात ९ हजारांहून जास्त जणींना सगळी साधनं फुकट दिली आणि नीट समजावून सांगितलं, तर जवळपास ७५ टक्के जणींनी हीच दीर्घकाळची साधनं निवडली, म्हणजे बायकांना नको असतात असं नाही, खर्च आणि अर्धवट माहिती आडवी येते.

घरच्यांना कळू नये असं वाटत असेल तर तेही बोला, इम्प्लांट हाताला लागतं, तांबीचा दोरा आखूड कापून घेता येतो.

एक मात्र, यातल्या कशानेही लैंगिक आजारांपासून बचाव होत नाही, त्याला कंडोमच लागतो. बसवल्यावर ताप, खूप पोटात दुखणं, पाळी चुकणं, किंवा दोरा हाताला न लागणं, यातलं काहीही झालं तर लगेच दाखवा आणि तपासणी होईपर्यंत कंडोम वापरा.