सांगली-मिरजेत भाड्यानं द्यायला फ्लॅट घेताय? नवरा-बायकोनं या चुका टाळा

दुसरं घर भाड्यानं द्यायला घ्यायचं ठरलं की रविवारी दोघं गाडीवर बसून विश्रामबागला सॅम्पल फ्लॅट बघायला जातात आणि तिथं बोलणं काय तर देवघर कुठं बसेल, आपला जुना सोफा हॉलमध्ये मावेल का, किचनच्या खिडकीतून ऊन येतंय का. अहो पण तिथं तुम्ही राहणारच नाही! सगळ्या पुढच्या चुका इथनंच सुरू होतात. स्वतःला आवडलेलं घर घेतात, भाडेकरू कोण ते नंतर बघू म्हणतात, आणि मग सहा महिने टाळं.

आधी भाडेकरू ठरवा, घर त्यानंतर. आपल्याकडं भाड्यानं राहणारी माणसं ठरलेली आहेत. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं, मिरजेत मेडिकल कॉलेज आणि एवढी हॉस्पिटलं त्यामुळं नर्स, शिकाऊ डॉक्टर, टेक्निशियन, वानलेसवाडीला भारती हॉस्पिटलचा स्टाफ, कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला जाणारे, आणि बदलीवर आलेले बँकवाले-सरकारी लोक. प्रत्येकाला वेगळं पाहिजे असतंय. रात्रपाळीची नर्स हॉस्पिटलपासून चालत जाता येईल आणि रस्त्याला दिवे असतील असं घर बघते, तिला तुमच्या इटालियन टाइल्सचं काही नाही. बदलीवाल्याला शाळेची बस दारात थांबली पाहिजे आणि पाणी नळाचं पाहिजे. कॉलेजची पोरं तिघं-चौघं मिळून टू बीएचकेला फॅमिलीपेक्षा जास्त भाडं देतात हे खरं, पण परीक्षा संपली की उन्हाळ्यात घर रिकामं आणि दर मीटिंगला शेजारचे काका तुमच्या नावानं ओरडणार, ते आधी धरून चला. काही अपार्टमेंटमध्ये बॅचलरला देऊच देत नाहीत. इसार देण्याआधी चेअरमनना भेटून हे विचारायचं, खरेदीनंतर विचारून काय उपयोग.

हिशेब एकट्यानं करू नका

बहुतेक घरात काय होतं, एकजण स्वप्न बघतो आणि दुसरा हप्ता. हिशेबाला दोघं एकत्र कागद घेऊन बसतच नाहीत. समजा ४० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं मिळतंय १० हजार. म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार, किमतीच्या ३ टक्के. त्यातनं एखादा महिना रिकामा, मेंटेनन्स, घरपट्टी, गळका नळ, दोन वर्षांनी रंग हे वजा करा, हातात लाखाच्या आत राहतात. आता ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यानं २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण २६ हजार. भाडं १० हजार. म्हणजे दर महिन्याला १६ हजार खिशातनं, रिकाम्या महिन्यात पूर्ण २६. "भाड्यातच हप्ता सुटतो" असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याच समोर कॅल्क्युलेटर काढा.

शिवाय वरचा खर्च लोक विसरतातच. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. ४० लाखांना हेच २ लाख ७० हजार झाले, आणि हे पैसे बँक सहसा धरत नाही, रोख तुमचेच. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी: ४५ लाखांपर्यंत किंमत आणि कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही, तरी मागतात काहीजण. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याला द्यायच्या पैशातनं कापायचा टॅक्स) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून "आम्ही दोघं २५-२५ लाखाचे" अशी पळवाट चालत नाही, एकूण किंमत बघतात.

दोघांच्या पगारावर कर्ज जास्त मिळतं म्हणून जास्त घ्यायचं, हीपण एक चूक. एक पगार वर्षभर थांबला, बाळंतपण असो, आजारपण असो, नोकरी असो, तरी हप्ता निघेल का एवढंच बघा. निघत नसेल तर वन बीएचके घ्या, सांगलीत वन बीएचकेला काय वाईट गिऱ्हाईक नाही.

पाणी! पाणी! पाणी!

बाहेरून येऊन इथं गुंतवणूक करणाऱ्यांना हे समजत नाही आणि आपल्यातले लोक दोन कोरडे पावसाळे गेले की विसरतात. २००५, २०१९, २०२१ चे महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इकडं पाणी पहिल्यांदा शिरतं हे सगळ्यांना माहीत आहे. शामरावनगरच्या सखल भागात तर नदी लांब राहिली, नुसत्या पावसाचंच पाणी साठून राहतं, आणि काळी माती असल्यानं ते मुरतपण नाही.

"आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, आम्हाला काय होतंय" हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय. फ्लॅट कोरडा राहील हो, पण मीटर रूम खाली, पाण्याची मोटर खाली, लिफ्टचा खड्डा खाली, भाडेकरूची गाडी खाली. लाईट-पाणी गेलं की भाडेकरू गावाला जातो आणि पुढच्या जूनच्या आधी घर बदलतो. म्हणून फ्लॅट बघायला गेल्यावर वर जायच्या आधी पार्किंगमध्ये उभं राहून बघायचं: मीटर किती उंचीवर बसवलेत, भिंतीवर जुनी पाण्याची रेघ आहे का, नुसता खालचाच भाग ताजा रंगवलाय का. मग बाहेर येऊन समोरच्या चहावाल्याला किंवा इस्त्रीवाल्याला विचारा, १९ ला पाणी कुठवर आलेलं? तो पायरी दाखवून सांगतो. बिल्डरचा माणूस "इथं कधीच नाही" म्हणेल, चहावाल्याला कमिशन मिळत नसतं.

प्लॉट घेत असाल तर पूररेषेचा नकाशा बघाच. निळी रेषा साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या पुराची. निळीच्या आत बांधकाम परवानगीची आशा सोडा, निळी-लालच्या मध्ये अटी लागतात.

घेऊन बसलाय आणि आता कळलंय? मग विमा आधी काढा. भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी २०२१ पासून आहे, त्यात पूर धरलेला असतो आणि मालक राहत नसला तरी इमारतीचा विमा निघतो. मीटर आणि मोटर वर घ्यायचा खर्च सगळ्या फ्लॅटधारकांत वाटून करून घ्या, आणि भाडं थोडं कमी लावा पण नदीकडचा भाग आहे हे लपवू नका.

गुंठेवारी आणि "नोटरीवर होऊन जाईल"

स्वस्त दिसतंय म्हणून अर्धा गुंठा, एक गुंठा घेऊन त्यावर दोन खोल्या बांधून भाड्यानं द्यायच्या, हा आपल्याकडचा आवडता उद्योग. कुपवाड, मिरज, सांगलीच्या कडेनं अशी गुंठेवारी (परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेली जमीन) भरपूर आहे. काही नियमित झालेली आहे, २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. काही नाही झालेली. विकणारा म्हणतो "फाईल टाकलीय". फाईल टाकलीय म्हणजे काय? नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात असेल तर द्या म्हणायचं, नसेल तर चहा पिऊन उठायचं. नोटरीवरच्या कागदानं मालकी येत नाही, मुखत्यारपत्रानंपण येत नाही. नोंदवलेलं खरेदीपत्र आणि त्यावरून तुमच्या नावाचा फेरफार (सरकारी दप्तरात मालक बदलल्याची नोंद), तेव्हा कुठं.

सातबारा बघताना लोक नुसतं वरचं नाव बघतात. खाली इतर हक्कात बोजा आहे का, सोसायटीचं कर्ज आहे का, कुळ आहे का, आणि भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का ते बघा. वर्ग २ म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, परवानगीशिवाय व्यवहार अडकतो. जुने फेरफार काढा, एखादी बहीण वारसात होती आणि पुढच्या फेरफारात दिसत नाही, मग तिनं हक्क सोडल्याचा कागद, हक्कसोड, कुठं आहे? ती बहीण पाच वर्षांनी वकील घेऊन येते. गावठाणातला जुना वाडा पाडून केलेली अपार्टमेंट असेल तर प्रॉपर्टी कार्डवर पण हेच. मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा सर्च स्वतःच्या वकिलाकडून, बिल्डरच्या वकिलाकडून नाही. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे टायटल क्लिअर असंही समजू नका, बँक तिच्या पैशापुरतं बघते.

फ्लॅट असेल तर महारेरा (बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा. ५०० चौरस मीटरच्या आतला प्लॉट किंवा आठपर्यंतच फ्लॅट असतील तर नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडं अशा छोट्या स्कीमच जास्त, म्हणून तिथं बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः मागायचं. नोंदणीवाल्या प्रोजेक्टला करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. आणि ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत भिंत गळली, स्लॅबला भेग गेली तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. लेखी कळवा, फोनवर भांडत बसू नका.

रोखीचं पण बोलू. "१० लाख वरचे, ३० लाखांचं खरेदीपत्र" असं कुणी म्हटलं तर ते १० लाख तुमच्यासाठी नसल्यात जमा. कर्ज मिळणार नाही, उद्या विकताना खरेदीची किंमत ३० च धरणार, त्यामुळं नफा जास्त दिसून टॅक्स तुम्हालाच. आणि २० हजार किंवा वर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो.

नाव कुणाचं?

यावर घरात सगळ्यात कमी बोललं जातं. बाईच्या एकटीच्या नावावर राहती मिळकत घेतली तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, २०२१ च्या एप्रिलपासून. पण दस्तात नवऱ्याचं नाव आलं की सूट गेली. ४० लाखांना ४० हजार वाचतात म्हणून एकटीच्या नावावर करतात, कर्जाला नवरा सहकर्जदार, हप्ता त्याच्या पगारातनं. इथं अडकतं. मालकीत नाव नाही त्याला हप्ता भरूनसुद्धा व्याजाची वजावट मागता येत नाही. आणि पैसे नवऱ्यानं दिलेत म्हटल्यावर भाडं बायकोच्या नावावर दाखवून टॅक्स वाचेल ही पण समजूत चुकीची, ते भाडं त्याच्याच उत्पन्नात धरतात. बायकोचा स्वतःचा पगार, स्वतःचं कर्ज, स्वतःचा हप्ता असेल तर प्रश्नच नाही, मग बिनधास्त एकटीच्या नावावर घ्या.

दोघांच्या नावावर घेत असाल तर कुणाचा किती हिस्सा ते खरेदीपत्रातच लिहा, जो जितके पैसे घालतोय त्या प्रमाणात. आणि नव्या टॅक्स पद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त गेलं की होणारा) पगारातनं वजा होत नाही, जुन्यात २ लाखांपर्यंत होतो. "व्याज दाखवून टॅक्स वाचवायला घर" घेणाऱ्यांनी आधी आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते बघावं.

नॉमिनी लावला म्हणजे झालं असंही नाही, नॉमिनी मालक होत नसतो, वारस वेगळे. मूल नसलेल्या बाईनं मृत्युपत्र केलं नाही तर तिनं स्वतः कमावून घेतलेलं घर हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याकडं आणि तो नसेल तर त्याच्या वारसांकडं जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. ऐकायला बरं वाटत नाही, पण वकिलाकडं बसलेलेच असता तेव्हा मृत्युपत्राचंपण विचारून घ्या.

भाडेकरू अडकला तर

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवलं नाही, ओळखीचाच माणूस आहे म्हणून. ओळखीचाच निघत नाही! महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची, नोंदवलं नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. मुदत संपूनही बसून राहिला आणि करार नोंदवलेला असेल तर दिवाणी कोर्टात वर्षं घालवायला लागत नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, तिथं बसलेल्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं. लाईट तोडणे, पाणी बंद करणे असले प्रकार करायचे नाहीत, उलटी केस तुमच्यावर. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, पोच जपून ठेवा. सोसायटी तुम्ही राहत नाही म्हणून वाट्टेल तो चार्ज लावत असेल तर सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर बिनवापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचा चार्ज) घेता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे, त्याची कॉपी सेक्रेटरींच्या हातात द्या.

आणि भाडं घ्यायचं, दुरुस्ती बघायची हे नवरा-बायकोपैकी कुणा एकानंच करायचं ठरवा. आमच्याकडं कागद माझे आणि भाडेकरू यांचे, अशी वाटणी आहे. नाहीतर भाडेकरू वैनींना फोन करून सांगतो दादांनी चालेल म्हटलंय, आणि दादांना सांगतो वैनींनी.