मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना या चुका टाळा

१२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांपैकी (१२१, १२३२१ अशा, नुसत्या एक्क्यांच्या संख्येचा वर्ग करून येणाऱ्या) ही मला सर्वांत देखणी वाटते. नऊ एक्के ओळीने लिहा, वर्ग करा, ही मिळते. मुलांना अभ्यासाला मी हीच देतो आणि दरवर्षी त्याच चुका परत येतात.

सर्वांत वाईट चूक म्हणजे संख्या थेट स्प्रेडशीटमध्ये टाकणं. तिथे पहिले १५ अंक टिकतात, पुढच्यांची शून्यं होतात. एका मुलाने सुबक तक्ता आणला होता: संख्या सम, १०० ने भाग जातो, ९ ने जात नाही. १ ने संपणारी संख्या सम कशी, हे त्याला खटकलंच नाही, कारण चौकटीत संख्येचं आखूड रूपच दिसत होतं. शेवटी चौकटीचं स्वरूप बदलून सगळे अंक दिसतील असं केलं आणि अंक न् अंक ताडून पाहिला. शेवटचे २१ गायब होते, त्यांच्या जागी ००. सगळा तक्ता वेगळ्याच संख्येचा निघाला. मी आधी कागदावर अंक मोजतो (१७) आणि त्यांची बेरीज करतो (८१). संगणकात संख्या घातल्यावर दोन्ही पुन्हा तपासतो. आकडेमोड पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत करावी, तिथे पूर्णांक कितीही मोठा असला तरी शाबूत राहतो. मात्र भागाकार दोन तिरप्या रेघांनीच (//) करा. एका रेघेने उत्तर दशांशात येतं आणि टोकाचे अंक पुन्हा बिघडू शकतात.

दुसरी चूक उतावळेपणाची. नऊ एक्के म्हणजे ९ × १२३४५६७९. या दुसऱ्या अवयवाला ३, ७, ११, १३ ने भाग जात नाही, की लगेच "सर, मूळ संख्या!" अरे, अजून थोडं पुढे जा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ३६ = ३७. ९९९ ला ३७ ने भाग जातो, म्हणून ही कसोटी चालते. ३७ ने भागल्यावर उरतात ३३३६६७, आणि ती खरोखर मूळ आहे. पण तसं म्हणण्याआधी ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, कारण तिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे. इथे आडवाट शोधणाऱ्यांचं मला कौतुक नाही. शंभरेक भागाकार एकदा हाताने केले की संख्या अंगवळणी पडते.

अंकांची बेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जाईलच असं नाही; १८९९ घ्या.

आकृतिबंध पुढेही तसाच चालेल असं धरू नका. दहा एक्क्यांच्या वर्गात हातचे येतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ मिळते.

विभाजक मोजताना घातांकांत १ मिळवायला विसरू नका. आपल्या १७ अंकी संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. ज्यांचा गुणाकार ही संख्या येतो अशा विभाजकांच्या जोड्या लावून मोजणारे हमखास ४६ सांगतात, कारण १११११११११ ते दोनदा धरतात.