सकाळी कानशिलं ठणकतात? जबड्याच्या बाबतीत या चुका टाळा

दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली एक स्नायू टरारून वर येईल. पंख्यासारखा पसरलेला हा टेम्पोरॅलिस खालचा जबडा वर उचलतो. रात्रभर झोपेत दात खाल्ले की सकाळी तो दुखू शकतो, आणि ते दुखणं आपण ‘डोकं दुखतंय’ या नावानं ओळखतो. जबडा आणि कपाळ या दोन्हींच्या संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. त्यामुळे मूळ एकीकडे आणि कळ दुसरीकडे असं सहज होतं.

नुसत्या गोळ्यांवर दिवस काढणं. महिन्यातून 15 किंवा त्याहून जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. त्याआधी जबड्याकडे बघा. जांभई देताना किंवा चावताना दुखणं वाढतं का? कानासमोर किंवा कानशिलावर दाबलं की अगदी तीच ओळखीची कळ उठते का? तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत मावतात का? गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे असतील, तर दात आवळण्याची सवय असू शकते. मात्र एवढ्यावरून निदान होत नाही.

वाकड्या दातांना दोष देऊन दंतवैद्यांकडून दात कानसून घेणं. मला सर्वात जास्त काळजी याच चुकीची वाटते. 1934 साली जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञानं कानाच्या आणि डोक्याच्या तक्रारींचा संबंध दातांच्या बिघडलेल्या जुळणीशी जोडला, आणि तो विचार अनेक दशकं टिकला. पुढच्या अभ्यासांत मात्र हा संबंध बराच कमकुवत निघाला. दात वेडेवाकडे असूनही डोकं कधीच न दुखणारी माणसं भरपूर आहेत. कानसलेला दात परत येत नाही. म्हणून केवळ डोकेदुखीसाठी दात कानसून घ्या, सगळ्या दाढांना कॅप बसवा किंवा तारा लावा असं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. नवीन फिलिंग किंवा कॅप ‘उंच’ लागत असेल, तर गोष्ट वेगळी. ती लगेच दुरुस्त करून घ्या.

दिवसाही दात आवळले जातात हे विसरणं. रात्रीच्या दात खाण्याबद्दल घरचे सांगतात, पण स्क्रीनसमोर बसून तासन्‌तास आवळलेल्या दाढा कुणालाच दिसत नाहीत. जबडा सैल असताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असतात, मध्ये दोनेक मिलिमीटरची फट असते. फोन हातात घेतला की दर वेळी एवढंच तपासा: आत्ता दाढा एकमेकींना टेकल्यात का? टेकल्या असतील तर सोडा. फुकटचा आणि निर्धोक उपाय आहे, फक्त चिकाटी लागते.

रात्री दातांवर बसवायचा बाजारातला तयार गार्ड महिनोन्‌महिने वापरणं. नीट न बसणाऱ्या गार्डमुळे दात सरकू शकतात. दंतवैद्यांनी माप घेऊन केलेला नाइट गार्डसुद्धा दात खाण्याची सवय मोडत नाही, तो दातांची झीज वाचवतो. सोबत मोठं घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, कारण सकाळची डोकेदुखी स्लीप ॲप्नियामुळेही (झोपेत श्वास अधूनमधून थांबण्याच्या विकारामुळेही) होते. नैराश्यावरच्या काही औषधांनी दात आवळणं वाढतं, तेव्हा चालू औषधांची यादी न्यायला विसरू नका. ती औषधं मनानं बंद मात्र करू नका.

जबड्याचा नुसता कट्‌कट्‌ आवाज, दुखणं नाही, तोंडही अडकत नाही, तर उपचार लागत नाहीत. पुन्हा पुन्हा कट्‌ वाजवून बघू नका. दुखतं त्या दिवसांत च्युइंग गम बंद, खाणं मऊ आणि 10-15 मिनिटं गरम शेक.

मात्र वय 50 च्या पुढे असेल आणि कानशील नव्यानं दुखू लागलं असेल, चावताना जबडा भरून येत असेल, केस विंचरताना टाळू दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर दंतवैद्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्तवाहिनीच्या सुजेमुळे असं होऊ शकतं, आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.