लाल भोपळ्याचे गुण अंगी लागावेत म्हणून

नाशिकला गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लाल भोपळा, म्हणजेच डांगर, वर्षातील बहुतेक काळ मिळतो. तरीही ऋषिपंचमीची भाजी आणि उपवासाचे दिवस सोडले, तर पुष्कळ घरांत त्याची आठवण होत नाही. भाजी स्वस्त आणि गुणकारी आहे. मात्र तिचे पोषण पदरात किती पडेल, हे आपण ती कशी निवडतो आणि कशी शिजवतो यावर ठरते.

अख्खा भोपळा घेताना तो आकाराच्या मानाने जड, साल कडक आणि देठ वाळलेला आहे ना, ते पाहावे. कापलेली फोड घ्यायची असेल, तर गर गडद केशरी, कडा ओलसर आणि बिया घट्ट चिकटलेल्या असाव्यात. गर बुळबुळीत झालेली फोड घेऊ नये. गराचा केशरी रंग मुख्यतः बीटा कॅरोटीन आणि त्याच गटातील इतर रंगद्रव्यांमुळे येतो. शरीर बीटा कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ तयार करते, आणि हे जीवनसत्त्व मंद उजेडात दिसण्यासाठी, त्वचेसाठी व रोगप्रतिकारशक्तीसाठी आवश्यक असते. हे रूपांतर गरजेपुरतेच होत असल्याने भोपळ्यातून या जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. फार काळ खूप खाल्ल्यास तळहात पिवळसर दिसू शकतात, इतकेच.

बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे तेल-तुपाचा थेंबही न घालता केवळ उकडलेला भोपळा खाणाऱ्याच्या हाती त्यातले थोडेच लागते. दोन चमचे तेलात मेथीदाणे, मोहरी आणि हिंगाची फोडणी करून त्यात फोडी टाकाव्यात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ आणावी आणि शेवटी दाण्याचे कूट घालावे. भोपळ्यात स्वतःचेच पाणी पुष्कळ असल्याने वरून पाणी सहसा घालावे लागत नाही. फोडी उकडून पाणी ओतून देण्याची सवय असेल, तर त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही जाते. भरीत करताना भोपळा वाफवावा, कुस्करून दही घालावे आणि तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी. ती फोडणी केवळ चवीसाठी नसते.

१०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे ९० टक्क्यांहून अधिक पाणी, २६ कॅलरी आणि ३४० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. म्हणून वजन आटोक्यात ठेवू पाहणाऱ्यांनी जेवणात एखादी पोळी कमी करून भोपळ्याची भाजी वाढवली, तर पोट भरते आणि कॅलरी कमी जातात. तंतूंच्या बाबतीत मात्र त्याचे जरा जास्तच कौतुक होते. त्यासाठी कडधान्ये आणि पालेभाज्या अधिक भरवशाच्या आहेत.

भोपळा गोड लागतो म्हणून मधुमेही तो टाळतात. वास्तविक १०० ग्रॅम गरात कर्बोदके साधारण ६ ते ७ ग्रॅमच असतात, तर भाजीत घातलेल्या १० ग्रॅम गुळाने त्याहून अधिक भर पडते. तेव्हा काटछाट करायचीच तर गुळात करावी, भाजीचे प्रमाण बेताचे ठेवावे आणि साखरेवर लक्ष असू द्यावे. गुळाचे तळलेले घारगे सणाला जरूर करावेत, पण त्यांना पथ्याच्या यादीत बसवू नये.

बिया कचऱ्यात टाकणे हे सर्वांत मोठे नुकसान होय, कारण त्यांत प्रथिने, मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर असते. त्यांवरचा चिकट गर धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, मंद आचेवर भाजाव्यात आणि सोलून आतला मगज खावा. त्यांत कॅलरीही भरपूर असल्याने रोज एक-दोन चमचे पुरेत.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे भोपळा किती खावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शिजवण्यापूर्वी कच्च्या गराचा लहान तुकडा चाखून पाहावा. तो कडू लागला तर संपूर्ण फळ टाकून द्यावे, कारण कडवटपणा आणणारी कुकुरबिटासिन ही द्रव्ये शिजवल्यानेही नाहीशी होत नाहीत आणि त्यांनी उलट्या-जुलाब होऊ शकतात. अख्खे फळ कोरड्या, हवेशीर जागी काही आठवडे टिकते. कापल्यावर मात्र बिया व मधले धागे काढून ते झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.