शाळेची सुरक्षा तपासायला निघताना

सगळ्यात आधी हजेरीची यादी. बाकीचं नंतर.

गेल्या खेपेला मी एका शाळेची पाहणी केली तेव्हा हातात भलामोठा तक्ता होता. जिने मोजले, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, आणि शेवटी मॉक ड्रिल घेतलं. घंटा झाली, मुलं रांगेनं मैदानात आली, चार मिनिटांत इमारत रिकामी, असं मी लिहूनही टाकलं. वर्ग पुन्हा भरल्यावर आजारी मुलांच्या खोलीतून चौथीतली एक मुलगी डोळे चोळत बाहेर आली. ताप आला म्हणून तिला तिथे निजवलं होतं. वर्गशिक्षिकेला वाटलं तिला मदतनीस बाई आणतील, मदतनीस बाईंना वाटलं वर्गशिक्षिका नेतील. मैदानात नाव घेऊन कुणी मोजलंच नाही, आणि मोजायला लावणं माझं काम होतं.

म्हणून यादी. सकाळची हजेरी पुरत नाही, कारण सकाळी हजर असलेलं मूल आत्ता वर्गात असेलच असं नाही. संडासात, लायब्ररीत, आजारी खोलीत कोण आहे, उशिरा कोण आलं, लवकर कोण गेलं, शाळेत आलेले पालक आणि कामगार किती, हे सगळं त्या कागदावर हवं. कागदच हवा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची यादी ऑफिसात आग लागली की गेली. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक पिशवी टांगा, तीत यादी, पेन, शिट्टी.

प्रथमोपचाराची पेटी, गेटवरची नोंदवही, कॅमेरे सगळेच बघतात. तुम्ही पेटी उघडून औषधांच्या तारखा तेवढ्या वाचा. फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि तो चालवायचा कसा हे कुणाला येतं का, एवढं पुरे.

दारं आणि जिने यांना मात्र वेळ द्या. दार स्वतः ढकलून बघा. ते आत उघडणारं असेल तर मागून मुलांचा लोंढा रेटत असताना उघडताच येत नाही. मागच्या जिन्याला कुलूप असेल आणि ‘किल्ली ऑफिसात असते’ असं ऐकू आलं, तर तो जिना नाहीच असं समजा आणि तसंच लिहा. शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी तळघरात जिन्याच्या पायथ्याशी आग लागली. वरच्या मजल्यावर जिन्याला दार नव्हतं, धूर सरळ वर्गांबाहेर भरला. ९२ मुलं आणि ३ नन्स गेल्या. तेव्हा धूर अडवणारं दार असेल तर ते पाचर मारून उघडं ठेवलेलं नाही ना, ते बघा. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातली आग गवती छपराला पोहोचली आणि ९४ मुलं गेली. शिजवण्याची जागा वर्गांपासून किती दूर आहे आणि वर छप्पर कशाचं आहे, तेही बघा.

आणि बंब आला की जवान पहिलं विचारणार, आत कोण आहे? त्याचं उत्तर यादीत असतं. पिशवी घेतल्याशिवाय एकाही शिक्षकानं वर्ग सोडायचा नाही.

मुलांना विचारायला विसरू नका. शाळेचा साधा नकाशा आणि लाल पेन्सिल द्या, भीती वाटते तिथे खूण करायला सांगा, नाव लिहायला लावू नका. असंच एकदा बऱ्याच मुलांनी पाण्याच्या टाकीमागचा बोळ लाल केला. मोठ्यांच्या तपासणीत तो ‘ठीक’ होता, कारण दिवसा तिथे उजेड असतो. मधल्या सुट्टीत तिथे मोठी मुलं लहानांना अडवत होती. त्या वेळेला तिथे एक शिक्षक उभा करणं हाच उपाय होता, आणि त्याला पैसा लागत नाही.

प्रयोगशाळेतला गॅसचा नळ, उघडे वीजबोर्ड, टाकीचं झाकण, भिंतीला न ठोकलेली कपाटं. बघा, फोटो काढा, पुढे चला. बस रिकामी झाली की चालकानं शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, झोपलेलं मूल राहतं. तीही हजेरीच.

अहवालात प्रत्येक दोषापुढे माणसाचं नाव आणि तारीख. ‘लवकरच’ लिहू देऊ नका.

महिन्यानं परत जा. दुसरं ड्रिल मधल्या सुट्टीत घ्या. आजारी खोलीत एका मुलाला, सोबत मोठं माणूस देऊन, मुद्दाम बसवून ठेवा, आणि मैदानात त्याचं नाव पुकारायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा.