सेमिस्टरच्या सॅम्पल्समधून दान करण्याजोगं काही शिवायचं असेल तर

फॅशन डिझाइनला असाल तर सेमिस्टर संपेपर्यंत कपाटात मांजरपाटाचे टॉइल्स म्हणजे कपड्यांचे कच्चे नमुने, झिपची सॅम्पल्स, खिशांची सॅम्पल्स, होजिअरीचे तुकडे असं बरंच साठलेलं असतं, टाकवत नाही आणि वापरलंही जात नाही. त्यातून दान करण्यासारखं खरंच चांगलं काही शिवता येतं, फक्त आपल्याकडे काय उरलंय इथून सुरुवात करू नका, समोरच्याला काय लागतं तिथून करा. म्हणजे आधी हॉस्पिटलला किंवा संस्थेला फोन, काय हवंय, कुठल्या साइझमध्ये, कुठलं कापड चालत नाही हे विचारून घ्यायचं आणि मगच कात्री हातात घ्यायची.

केमो कॅप, म्हणजे केमोथेरपीत केस गेलेल्यांसाठीची टोपी, सगळ्यात आधी करून बघा. केस गेल्यावर डोक्याची त्वचा हळवी झालेली असते, त्यामुळे लोकर, लेस, टिकल्या हे सगळं बाद, मऊ कॉटन जर्सी घ्या, जुना चांगला टीशर्टही चालतो. कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर कॅप पहिल्याच धुण्यात आटते. १० सेमीचा तुकडा ओढल्यावर आरामात १३ पर्यंत गेला पाहिजे आणि हा ताण डोक्याभोवती आडवा यायला हवा. मोठ्या माणसाचं डोकं साधारण ५६ सेमी धरलं तर कॅप तयार होऊन ५० सेमीची ठेवा, ताणून नीट बसते. दोन तुकडे कापायचे, प्रत्येक २६.५ सेमी रुंद, यात दोन्ही बाजूंची प्रत्येकी पाऊण सेमी शिलाईची माया आली, उंची २८. वरच्या बाजूला शेजारी शेजारी दोन टोकं येतील असा आकार द्या. आधी प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांमधली खाच शिवून घ्या, मग दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून बाजूने आणि वरून जोडा.

सुई बॉलपॉइंट म्हणजे गोलसर टोकाचीच लावा, साधी सुई जर्सीला भोकं पाडते, आणि टीप बारीक झिगझॅगची, कारण सरळ टीप ताणली की तटकन तुटते. शिलाई डोक्याला टोचू नये म्हणून अशाच दोन कॅप शिवायच्या, एकीत थोडी उघडी जागा सोडायची, सुलट बाजू समोरासमोर ठेवून खालच्या कडेला जोडायच्या आणि त्या जागेतून उलटून जागा हाताने बंद करायची, सगळ्या शिलाया दोन थरांच्या मध्ये जातात. वर कॅप दोन्ही बाजूंनी घालता येते, म्हणजे रंगांशी खेळायला दोन बाजू मिळाल्या! मला विचाराल तर खरं डिझाइन इथेच आहे, वरून फूल चिकटवण्यात नाही.

दुसरं म्हणजे फिजेट मॅट. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसांचे हात बऱ्याचदा अस्वस्थ असतात, सारखं काहीतरी चाळवत राहतात, त्यांच्यासाठी मांडीवर ठेवायची ही मॅट. आपली फर्स्ट इयरची सॅम्पल्स इथे अगदी फिट बसतात, झिप, फ्लॅपचा खिसा, काजं-बटणं, प्लीट्स, वेलक्रो, सगळं ४५ बाय ६० सेमीच्या जाड कापडावर मांडा, कॉर्डरॉय, सॅटिन, टॉवेलचं कापड असे वेगवेगळे पोत शेजारी शेजारी घ्या, खाली अस्तर लावा आणि कडेने पट्टी मारून बंद करा. मणी आणि बारीक शोभेच्या वस्तू नकोत, तोंडात जाऊ शकतात. बटणं जाड दोऱ्याने लावा, प्रत्येक वस्तू जोरात ओढून बघा, आणि लोंबणाऱ्या लांब दोऱ्या अजिबात ठेवू नका. सॅम्पलला मार्क कमी पडलेले असतील तरी इथे घेता येईल, पण उसवायला आलेलं सॅम्पल मात्र परत शिवून घ्या.

ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर काखेत ठेवायची हृदयाच्या आकाराची उशी हाही एक सोपा प्रकार आहे, कॉटनचं कव्हर आणि पॉलिएस्टर फायबर. फायबर ठासून भरू नका, हात टेकला की दबली पाहिजे. आत चिंध्या भरायचा मोह होईल, पण त्याने उशी जड आणि गाठाळ होते.

पोर्टफोलिओसाठी फोटो हवेतच, ते डमीवर काढा, पेशंटला कॅप घालून उभं करू नका.

द्यायच्या आधी टाचण्या मोजा, वरून लोहचुंबक फिरवा, एखादी आत राहिलेली असली तर सापडते. मग वास नसलेल्या साबणाने धुवायचं, पूर्ण वाळवायचं, प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत घालून कापड कुठलं आणि धुवायचं कसं याची चिठ्ठी ठेवायची. आतल्या बाजूला ब्रँडचं लेबल शिवायची हौस असेल तर ती स्वतःच्या कपड्यांवर भागवा, ते मानेला टोचतं.