व्यसनमुक्तीच्या गावभेटी : स्वयंसेवकांनी या चुका टाळाव्यात

व्यसनमुक्ती केंद्राच्या वतीने सातारा जिल्ह्यातील गावोगावी जाणारे स्वयंसेवक तळमळीचे असतात. मात्र त्या तळमळीच्या भरात होणारी सर्वांत धोकादायक चूक म्हणजे ग्रामदैवतासमोर नारळ ठेवून 'आजपासून बंद' अशी शपथ घ्यायला लावणे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भास होऊन, शुद्ध हरपून प्रसंगी जिवावरही बेतते. अशा वेळी घरच्यांना हे बाहेरचे काहीतरी वाटते आणि देवऋष्याकडे जाण्यात मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ (ज्यांना ती हवीच असेल त्यांच्यासाठी). 'सकाळी चहाचा कप धरताना हात कापतो का? मागे सोडली तेव्हा फिट आली होती का?' असे साधेपणाने विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडण्याचा आग्रह धरावा. आधीच बंद केलेली असून माणूस असंबद्ध बडबडत असेल किंवा फिट आली असेल, तर समुपदेशन बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.

'ताई, त्यांना न कळता भाजीत घालायची गोळी मिळेल का?' हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. अशा गोळ्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध असू शकते. त्यावर दारू पोटात गेल्यास उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब घसरतो. रुग्णाच्या माहितीशिवाय ती देऊ नये, हे त्या माउलीला न रागावता, पण ठामपणे सांगावे.

गावभेटीचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे ही वरकरणी किरकोळ चूक. पण ओसरीवर बसलेला रुग्ण त्यात ओळखू आला, की ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही. तसे झालेच, तर फोटो काढून टाकावा, माफी मागावी आणि पुढील भेट घरच्यांनी सांगितलेल्या ठिकाणी, केंद्राचा फलक लावलेली गाडी न नेता घ्यावी.

महिलांना मिश्रीबद्दलही विचारावे. तीही तंबाखूच आहे.

दारू सुटलेला माणूस यात्रेत पुन्हा प्यायला, तर 'शब्द मोडलास' असे म्हणू नये. कोणासोबत, कोणत्या वेळी आणि खिशात पैसे कुठून आले, हे त्याच्याकडूनच ऐकून पुढील यात्रेचा बेत आताच ठरवावा आणि १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याच हाताने नोंदवून घ्यावा.